मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात

“कृपया लक्ष द्या. भाविकांनी आपल्या मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात. अनोळखी माणसाकडून झटपट दर्शनाचे पास घेऊ नयेत...” इथे माईकवाल्या बाईंचा आवाज फाटला. त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि उरलेली सूचना कशीबशी पुढे ढकलली.

खिडकीशी एक पासवाला रेलून उभाच होता. “घसा बसला का बाई? जपा हो! पास मिळतात हे लोकांना तुमच्याकडूनच तर कळतं. आमची फुकटात जाहिरात.”

“मुडद्या, नीघ इथनं,” बाई म्हणाल्या. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. घशातली गाठ लवकर काढली तरच आवाज वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि आवाज सोडला तर बाईंच्या खात्यावर दुसरं काही जमा नव्हतं. नवऱ्याने जाताना मागे एक छत्री ठेवली होती, तीही काड्या मोडलेली. त्यामुळे धाकटी बहीण आज आईच्या सोन्याच्या बांगड्या घेऊन येणार होती. बाईंची पाळी संपली की दोघींनी सराफाकडे जायचं, बांगड्या मोडायच्या, ऑपरेशन उरकायचं, असं ठरलं होतं.

दुपारी मोठ्या दरवाजात गर्दी तुंबली. बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून सूचना दिली. थोड्याच वेळात धाकटी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पिशवीची नुसती नाडी होती, कापलेली.

“कुठे ठेवली होतीस गं?”

“कमरेला, कपड्यांच्या आत. गाडीत डोळ्याला डोळा लागू दिला नाही मी. वाटेत कुठे हातसुद्धा लावला नाही. दरवाजात तुझा आवाज आला. शेजारच्या बाईला म्हटलं, ही माझी ताई बरं का! तू म्हणालीस सांभाळा, म्हणून एकदा चाचपून बघितलं. तेवढंच गं ताई.”

“तेवढंच पुरतं,” पलीकडच्या टेबलावरचा हवालदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता. धाकटीला त्याने स्वतःचा चहा दिला. “बाई बोलल्या की सगळी गर्दी चाचपते. कुणी खिसा, कुणी छाती, कुणी कंबर. चोराला शोधायचं कामच उरत नाही. माल कुठाय, ते ज्याचं तोच दाखवतो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. मला वाटलं, तुम्हालाही असेल.”

बाई तडक व्यवस्थापकाकडे गेल्या. त्याने खुर्ची दिली, ऐकून घेतलं, हळहळलाही. हळहळीला खर्च नसतो. “पण बाई, सूचना बंद कशी करणार? न देता चोरी झाली तर जबाबदारी आपली. देऊन झाली तर ज्याची त्याची.” मग त्यांच्या गळ्याकडे बघून तो म्हणाला, “तुम्ही असं करा, आवाज आहे तोवर एकदा रेकॉर्ड करून द्या. तुमचीही दगदग वाचेल.”

आपली दगदग वाचली की त्याचा आपल्या पगाराचा खर्चही वाचतो, ते बाईंना कळलं. तरी त्या रेकॉर्डिंगला बसल्या. सांभाळण्याचं वाक्य त्यांनी गुपचूप गाळून बघितलं.

“बाई, मुख्यच राहिलं की!” मशीनवाला म्हणाला. “पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतलं. नेमका त्या वेळी आवाज स्वच्छ लागला.

बांगड्या मिळाल्या नाहीत. ऑपरेशन राहिलं. आवाज आधी चिरका झाला, मग घोगरा, मग गेलाच. पाळीच्या तक्त्यावरून बाईंचं नाव कधी निघालं, ते कुणी सांगितलंही नाही.

माईकच्या खोलीची किल्ली परत द्यायला आल्या, तेव्हा त्या पहिल्यांदाच दरवाजातल्या गर्दीत सापडल्या. वर भोंगा बोलू लागला. त्यांचाच आवाज, ठणठणीत. “आपल्या मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात.” आजूबाजूचे हात हलले. पुढच्या म्हाताऱ्याचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे निघाला.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या. नुसते ओठ हलले.

म्हाताऱ्याने खिसा नीट दाबून बघितला, समाधानाने वळला. “काय गोड आवाज आहे हो या बाईंचा!”

बाईंनी मान हलवली. त्यांच्या खांद्याला घासून कुणीतरी हळूच पुढे सरकलं. त्यांचा स्वतःचा हात तेव्हा गळ्यापाशी गेलेला होता.