बाहेरून कडी

मी टेकडीच्या वाटेवरचा दगडी बंगला बोलतोय. फाटकावरची पाटी वाचून आत आलात ना? मग ती आधी विसरा. तिच्यावर साहेबांचं कौतुक आहे, आणि साहेबांना मी आतून ओळखतो.

साहेब न्यायाधीश होते. मला त्यांनी हौसेनं बांधलं. सागवानी दारं, रंगीत काचा, वळणाचा जिना. एक भिंत मनासारखी झाली नाही म्हणून गवंड्याला दोनदा पाडायला लावली. मीही काही कमी नव्हतो. येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून बघितलं की मला बरं वाटायचं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू?

साहेबांना दोन मुली. थोरली देखणी आणि बोलायला गोड. धाकटीला फेफरं यायचं. एकदा थोरलीच्या लग्नाचं बोलायला पाहुणे आले असताना, चहाचा ट्रे हातात असतानाच तिला ते आलं. कपबश्यांचा चुराडा झाला, आणि पाहुणे चहा न घेताच उठले. दुसऱ्याच दिवशी वरच्या मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसली.

"फक्त पाहुणे असेपर्यंत," साहेब बायकोला म्हणाले. निकाल वाचायचे तोच आवाज. मग काय, पाहुणे रोजच यायला लागले! थोरलीचं लग्न झालं, तरी कडी काही निघाली नाही. सहा वर्षं. धाकटी दार बडवायला लागली की खाली आई भांडी आपटायची. आणि मी? दोन हात जाड भिंती माझ्या. तिचा आवाज मी फाटकापर्यंतसुद्धा जाऊ दिला नाही. मजबूत होतो ना! आज लाज वाटते. तेव्हा अभिमान वाटायचा.

साहेब वारले तेव्हा आईनं कडी उघडली. धाकटी जिना उतरताना दर दोन पायऱ्यांनी खाली बसत होती. सामान हलवायच्या दिवशी शेजारणी जमल्या, तर थोरली त्यांना म्हणाली, "हट्टी आहे हो. स्वतःच कोंडून घ्यायची."

"ताई, कडी बाहेरून होती," धाकटी म्हणाली.

"पुरे झाली तुझी नाटकं," थोरली म्हणाली, आणि शेजारणींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. थोरलीकडे, बरं का.

मग माझ्यात मुलींची शाळा भरली. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी ती कडी हलवून बघितली. "वा, आयतीच सोय झाली!" उलटून बोलणारी मुलगी दोन तास आत. शाळा गेली, सरकारी कचेरी आली. त्या खोलीत फायली कोंबल्या. सारखा तक्रार घेऊन येणारा एक म्हातारा होता. हेडक्लार्कनं त्याला "तुमची फाइल शोधा" म्हणून आत पाठवलं आणि कडी घातली. अख्खी कचेरी पोट धरून हसली. म्हातारा पुन्हा कधी आला नाही. माणसं बदलली, पण ती कडी दिसली की हात शिवशिवायचेच.

गेल्या वर्षी कुठलीशी समिती नेमली. साहेबांचं घर होतं तसं करायचं आणि लोकांना दाखवायचं. सुतार भला माणूस, कामाला चोख. त्या दाराशी आला आणि थबकला.

"कुणीतरी कडी उलटी बसवलीय हो. राहत्या खोलीला बाहेरून कडी असते का कधी?"

"कचेरीवाल्यांचा उद्योग असणार," समितीच्या बाई म्हणाल्या. "नीट करून टाका."

त्यानं ती काढून आतून बसवली. बाहेरची भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवली, वरून पॉलिश मारलं. दारावर पाटी लागली, 'धाकट्या कन्येची अभ्यासाची खोली'.

आज तुम्ही यायच्या जरा आधी धाकटी आली. केस पांढरे, हातात काठी, सोबत थोरलीची मुलगी. जिना चढताना धाप लागत होती, पण थांबेना.

"तुझ्या आईनं मरेपर्यंत मला खोटी ठरवलं. आज तूच बघ, कडी कुठं आहे ती."

भाचीनं दार लावून बघितलं, उघडून बघितलं. "मावशी, कडी आतून आहे."

"बाहेर बघ."

"बाहेर काहीच नाही गं."

धाकटीनं दारावरून हात फिरवला. मग आत जाऊन कडी सरकवली. परत सरकवली.

"मग मीच लावत असेन," ती म्हणाली. "मला वेड्यासारखं आठवतंय काहीतरी. मीच लावत असेन."

"जाऊ दे मावशी," भाची तिचा हात धरून म्हणाली, अगदी मायेनं. "आईनं कधी राग नाही धरला तुझ्यावर."

अरे, मी दगड! सहा वर्षं तिचा आवाज अडवायला बरा जमला, आणि आज एक शब्द फुटेना.

तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. वर जा. दाराच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर नखानं खरवडा. लांबी नवीन आहे, लगेच निघेल. चार भोकं दिसतील. मग पळत खाली या आणि त्या भाचीला हाताला धरून वर न्या. दोघी अजून फाटकाशी उभ्या आहेत, रिक्षाची वाट बघत.

बघत काय बसलात? रिक्षा आली.