भिंतींआधीची चौकट

मी एक जुनी चौकट आहे. दार नव्हे हं, चौकट. दार उघडतं, मिटतं, करकरतं, सगळ्यांचं लक्ष वेधून घेतं. मी नुसती उभी असते. उभं राहण्यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो. मलाही वाटायचं. पण माझ्या उभं राहण्यावरून कोल्हापुरात जो घोळ झाला, तो मला अजून नीट उलगडलेला नाही.

माझं लाकूड आजऱ्याकडचं, सागवानी. वर्धमानआण्णा गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांनी कळंब्याच्या रस्त्याला घरासाठी जागा घेतली आणि दिलदारभाई सुताराकडून मला करून घेतलं. दिलदारभाईंनी माझ्या कपाळावर कमळ कोरलं, कडीसाठी लोखंडी कोयंडा ठोकला. आण्णांनी बांधकामाच्या परवानगीचा अर्ज पालिकेच्या कचेरीत दिला होता. इतक्यात मुहूर्त आला. परवानगी काय, आठ दिवसांत येईल, असं म्हणून त्यांनी मला मोकळ्या जागेत उभं केलं, हळदकुंकू लावलं, आंब्याची डहाळी बांधली. परवानगी आली नाही. त्याच पावसाळ्यात ताप आला आणि आण्णाच गेले.

मग मी एकटीच उभी. ना भिंत, ना छप्पर, दोन्ही बाजूंना बांबूचे टेकू. शेजारच्या तानाबाईंच्या म्हशी मला अंग घासून जायच्या. आण्णांच्या पत्नी, राजमतीअक्का, रोज यायच्या आणि माझ्यातूनच ये-जा करायच्या. चारी बाजू उघड्या असताना! कुणी भेटायला आलं तर म्हणायच्या, "बाहेर का उभा? आत या की." पाहुणे बिचारे चपला काढून माझ्यातून पलीकडे जायचे आणि तिथल्या गवतात बसायचे. आत म्हणजे नेमकं कुठं, हे मला काही केल्या समजायचं नाही.

मुलगा आप्पासो उद्यमनगरात लेथवर कामाला. अर्धी रजा काढून कचेरीत जायचा आणि परत आला की माझ्या उंबऱ्यावर बसून आईला हकिकत सांगायचा. नकाशा नव्याने काढायला सांगितलाय. सिटी सर्व्हेचा उतारा हवाय. घरफाळा थकला नाही असा दाखला हवाय. अक्का चक्रावून विचारायच्या, घरच नाही तर फाळा कशाचा? गवंडी म्हणे, चौकट उभी झाल्याशिवाय भिंत चढत नाही. कचेरी म्हणे, परवानगीशिवाय चौकट उभी करायची नाही. दोघांचं ऐकून माझं डोकं गरगरायचं. इकडे ते भाड्याने राहत होते त्या खोलीच्या मालकाने दसऱ्याच्या आत जागा रिकामी करा म्हणून बजावलं होतं. तोवर निदान एक खोली उभी राहिली नाही, तर माणसं जाणार कुठं?

शेवटी एकदाचे ओव्हरसियर हंबीरराव जागा बघायला आले. मला बघून सायकलवरून उतरायचेच थांबले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, जमिनीत चौकट उभी म्हणजे बांधकाम सुरू झालं असं मला लिहावं लागेल आणि अर्ज परत जाईल. सोमवारी येतो, तोवर काढून ठेवा.

आप्पासोला हायसं वाटलं. आईला म्हणाला, "अव्वा, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. आडवी करून ठिवूया की."

अक्कांनी माझ्या खांबावर हात ठेवला. "तुझ्या बापानं उभी केलीया ती. घरातलं एक मानूस आडवं झालं, तेवढं बास. ही आडवी व्हायची न्हाय."

आप्पासो चिडला, खूप बोलला. त्याचंही बरोबर होतं आणि तिचंही. मला तर रडूच आलं, पण लाकडाला रडायची सोय नाही. मी आता घर होते की घराची अडचण?

तोड काढली दिलदारभाईंनी. दाढी खाजवत म्हणाले, "जमिनीला टेकायची न्हाय, आडवी व्हायची न्हाय. मग हातात धरूया की!"

सोमवारी हंबीरराव आले, तेव्हा मी हवेत होते. एका खांबाला आप्पासो आणि तानाबाई, दुसऱ्याला दिलदारभाई आणि अक्का. हंबीररावांनी टोपी मागे सरकवली. टेप काढला. आता दुसरं टोक धरणार कोण? कुणाचाच हात मोकळा नव्हता. मग मला तशीच उचलून चौघं हद्दीच्या दगडापर्यंत गेली. हंबीररावांनी टेपची कडी माझ्या कोयंड्यात अडकवली आणि सगळी जागा मोजून काढली. मग सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "जागा मोकळी आहे."

जागा मोकळी? मग टेप धरला कुणी? मित्रांनो, मी आजही विचार करते. जाताना मात्र हंबीररावांनी चपला काढल्या, मान लववली आणि माझ्यातून पलीकडे गेले.

परवानगी आली. दसऱ्याला एका खोलीवर पत्रे चढले आणि आत म्हणजे कुठं, ते मला पहिल्यांदा कळलं. त्या घरात अक्का बारा वर्षं राहिल्या. पुढे माझ्यावर ऑइलपेंटचे थर चढले, कमळ बुजलं, टीव्हीची वायर घ्यायला कुणीतरी मला भोक पाडलं. अक्कांना शेवटचं नेलं तेही माझ्यातूनच. त्या आडव्या होत्या, मी उभी होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

आता आप्पासो वर मजला चढवतोय. पुन्हा कचेरी, पुन्हा नकाशा, पुन्हा उतारा. स्कूटर आत यावी म्हणून दार रुंद करायचंय, त्यामुळे काल मला काढलं. मजूर मला परसात विटांवर टाकायला निघाले. चष्मा लावलेला आप्पासो हातातले कागद तिथंच टाकून धावत आला आणि माझा खांब धरला.

"आडवी करू नका," तो म्हणाला. "भिंतीला उभी करून ठेवा."

म्हणून मी आज परसात उभी आहे. पुन्हा माझ्या डोक्यावर उघडं आकाश, पुन्हा कुठं आत आणि कुठं बाहेर, पत्ता नाही. तुमच्याही घरी अशी एखादी चौकट असेल, मित्रांनो. येता-जाता तिच्यावर कधीतरी हात ठेवा. तिला कुणीतरी धरलेलं असतं.