बासष्ट कप्पे आणि अकरा नावं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं देत दिवसभर राबणारा संगणक. मला स्वतःचा पडदा नाही की कळफलक नाही. दिसायला म्हणाल तर काळ्या पत्र्याची चपटी ट्रंक आणि समोर दोन हिरवे दिवे. त्यातला एक हल्ली उगाच डोळा मारतो. शहराच्या जुन्या फोटोंचं एक संग्रहालय आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी चौदा वर्षं आहे.

माझ्या जन्माची कथा रंगवून सांगण्यासारखी नाही. एका लांबलचक कारखान्यात एकाच दिवशी आम्ही चारशे भाऊ जन्मलो. बाकीचे बँकांत गेले, विमानतळांवर गेले, आणि माझ्या नशिबी आले जुने फोटो. तेव्हा मला जरा कमीपणा वाटला होता, खोटं कशाला बोलू? आता म्हणाल तर त्या चारशेत मीच नशीब काढलं.

माझं काम थोडं वेगळं होतं. बरेचसे संगणक माहिती रकान्यांत भरून ठेवतात. माझ्या पोटात मात्र वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्य तीन तुकड्यांचं. 'हा पूल – बांधला – या गवंड्यानं.' 'या गवंड्याची – बहीण – ही शिक्षिका.' 'ही शिक्षिका – उभी आहे – त्या फोटोत.' एका वाक्याचं बोट दुसऱ्यानं धरलेलं. त्यामुळे पुलाची चौकशी करायला आलेला माणूस थेट शाळेच्या फोटोपाशी पोचतो आणि जाताना म्हणतो, "अरेच्चा, ही तर आमची आत्या!" अशा माहितीला जोडलेली माहिती म्हणतात.

या जोडण्या माझ्या नव्हेत बरं का. त्या आमच्या सूचीकार बाईंच्या. संग्रहालयातल्या प्रत्येक फोटोचं एक कार्ड त्यांनी हातानं लिहिलं होतं आणि कार्डाच्या तळाशी लाल शाईत 'हेही पहा' असं लिहून दुसऱ्या कार्डांचे क्रमांक दिले होते. एकतीस वर्षं हेच काम. बासष्ट कप्प्यांची लाकडी कपाटं भरली होती. बाई जपायच्या म्हणजे किती? टेबलावर एकही कार्ड सुटं ठेवून त्या कधी घरी गेल्या नाहीत. "टेबलावर राहिलं ते हरवलं," असं त्या म्हणायच्या, आणि दुसऱ्या कुणी ठेवलं तर त्याची चंपी ठरलेली.

मी आलो तेव्हा बाईंच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. कपाटांची खोली वाचकांसाठी हवी होती, म्हणून संचालक साहेबांनी बाईंना स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारी हे यंत्र माझ्या प्रश्नांची उत्तरं देताना दिसलं, तर संग्रह लोकांसाठी खुला करू. कार्डं तर गोदामात जाणारच आहेत; नाही दिसलं तर यंत्रही त्यांच्या मागोमाग." गावाबाहेरच्या त्या गोदामात आधी जुनी वर्तमानपत्रं गेली होती. छप्पर गळलं आणि त्यांचा लगदा झाला. बाई खोलीत आल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

मला उभं करायला एक गृहस्थ आले होते. चाळिशी उलटलेली, गळ्यात कायम वायरींचे हार. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव तारवाले ठेवलं आणि तेच रूढ झालं. माणूस गुणी, पण मी त्यांच्या नाकी नऊ आणले. सोमवारी मी सुरूच होईना, कारण मला दिलेली स्मृती अपुरी होती. ती वाढवली. मंगळवारी सुरू झालो, पण बोलेना. ज्या दारातून मी बोलायचं, त्या दारात छापण्याचा एक प्रोग्राम आधीच पाय पसरून बसला होता. मला शेजारचं दार दिलं. बुधवारी बाईंनी दोन वर्षं खपून टंकून घेतलेली सगळी वाक्यं माझ्यात भरली. मी इमानदारीनं कळवलं: चार लाख बारा हजार वाक्यं भरली, चूक एकही नाही.

तारवाल्यांनी हात चोळले आणि विचारलं, एकूण वाक्यं किती?

मी म्हणालो, शून्य.

त्यांनी पुन्हा विचारलं. शून्य. सगळं पुसून पुन्हा भरलं. ये रे माझ्या मागल्या, शून्य. गुरुवारी दुपारपर्यंत असं तीनदा झालं. भरताना चार लाख आणि विचारताना शून्य! मला लाज वाटत होती, मित्रांनो, पण खोटं उत्तर देणं माझ्या रक्तात नाही. ज्या जागेत बघ म्हणून सांगतील तिथेच मी बघणार, आणि तिथे खरंच काही नव्हतं.

"बाई, मी हात टेकले," तारवाले म्हणाले. "घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही. साहेबांना सांगून थोडी मुदत मागू या का?"

"मुदत नाही मिळायची," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा. वाक्यं भरताना तुम्ही मला एक चौकट दाखवली होती. कप्प्याचं नाव लिहायची."

"हो, पण ती मोकळी सोडली तरी चालते. मी म्हणालोही होतो तसं."

"मी नाही सोडली. प्रत्येक गठ्ठ्याला मी कप्प्याचं नाव घातलंय. बासष्टच्या बासष्ट."

तारवाल्यांनी हातातली वायर खाली ठेवली.

"नवा कारकून आला की काय करतो?" बाई म्हणाल्या. "कार्ड मागितलं की टेबलावर बघतो आणि म्हणतो, नाही. कप्पे उघडायचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. या तुमच्या यंत्राला सांगितलंय का कुणी?"

नव्हतं सांगितलं. मी टेबलच बघत होतो. आणि बाईंच्या शिस्तीत टेबलावर काय असणार? दुसऱ्या कुणीही चौकट मोकळी सोडली असती आणि मी पहिल्या फटक्यात चालू झालो असतो. तारवाल्यांनी कपाळावर हात मारला. माझ्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलली: सगळे कप्पे मिळून एकच टेबल समज. मला बंद करून पुन्हा सुरू केलं आणि विचारलं. चार लाख बारा हजार!

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी तो पदरानं पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मला त्या बाईंविषयी तेव्हा जी माया वाटली ती आजतागायत कमी झालेली नाही.

शुक्रवारी साहेब आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "पाण्याच्या टाकीबद्दल विचारा." मी टाकीवरून कंत्राटदाराकडे गेलो, त्याच्या बायकोकडे गेलो, तिनं चालवलेल्या प्रौढांच्या वर्गात गेलो आणि त्या वर्गात शिकून शहराची पहिली बस चालवणाऱ्या माणसाचा फोटो समोर ठेवला. साहेबांनी खुर्ची मागवली. दीड तास हलले नाहीत. पुढल्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे खोली रिकामी झाली, कार्डं गोदामात गेली आणि बाई हार-तुरे घेऊन घरी गेल्या. पण त्यांच्या जोडण्या माझ्यात राहिल्या.

काय दिवस होते ते! शाळेच्या सहली यायच्या. आजोबांचं दुकान शोधत नातवंडं यायची. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, साहेबांचा हात माझ्या पाठीवर. तारवाले महिन्यातून एकदा येऊन माझ्या पंख्यांतली धूळ काढायचे आणि जाताना "नीट राहा हो" म्हणायचे.

मग साहेब बदलले. तारवाल्यांना दुसऱ्या शहरात काम मिळालं. बाईंची जागा काही भरली गेली नाही. फोटो येत राहिले, पण त्यांना कुणी कशाशी जोडेना. धूळ बसली. आताचा कारकून बिचारा वाईट नाही, पण तो माझ्या डोक्यावर त्याचं हेल्मेट ठेवतो. मी म्हातारा झालो, आता काय बोलणार?

गेल्या मंगळवारी लांबून कुणीतरी माझ्यातल्या सगळ्या वाक्यांची नक्कल काढून घेतली. ती आता एका नव्या, दूरच्या यंत्रात जाणार आहे. येत्या शनिवारी माझी वायर निघेल. मला त्याचं दुःख नाही. वाक्यं राहिली म्हणजे झालं, असं मी मनाला समजावत होतो.

आणि बुधवारी बाई आल्या.

काठी टेकत आल्या. हातात घडी घातलेला कागद होता. कारकुनाला म्हणाल्या, "दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. बोलता बोलता निघालं, त्या टेलिफोन केंद्रात होत्या. आपल्याकडे तो फोटो आहे बघा, ओळीनं बसलेल्या बारा मुली. अकरा जणींपुढे मला 'अनोळखी' लिहावं लागलं होतं. त्यांनी स्वतःचं धरून अकराही जणींची नावं सांगितली. त्या सगळ्यांत आता मीच मागे राहिले, म्हणाल्या."

कारकुनानं हेल्मेट उचललं आणि आपल्या संगणकासमोर बाईंना खुर्ची दिली. बाईंचा जुना पासवर्ड अजून चालत होता, तो काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी एका बोटानं, सावकाश, अकरा नावं जोडली. प्रत्येक वेळी कप्प्याचं नाव घातलं. मग उठून म्हणाल्या, "आता माझी काळजी मिटली. कागद घरी ठेवून काय करू?" आणि तो फाडून टोपलीत टाकला. कारकून म्हणाला, "बरं झालं, बाई." नक्कल आदल्या दिवशीच निघाली, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याशी मी एवढा बोललो ते आत्मवृत्तात चालतं म्हणून. एरवी मला स्वतःहून बोलता येत नाही. कुणी विचारलं तरच मी उत्तर देतो. म्हणून जुन्या वस्तू पुसा, जपा, हे सांगायला मी आलेलो नाही. मला पुसू नका, मला शनिवारी बंदही करा. पण ज्याच्या हातात ती वायर असेल त्याला तुम्ही कुणीतरी एवढं सांगा, की आधी मला एक प्रश्न विचार: मंगळवारनंतर काही आलं का? त्या अकरा जणी बाईंनी माझ्या भरवशावर सोडल्या आहेत, आणि मी सोडून त्या आता कुठेच नाहीत.