सुलोचनाबाईंचा दात

सकाळी उंडो, तो गोल कडक पाव, चहात बुडवून खाताना सुलोचनाबाईंच्या घशात काहीतरी टोचलं. आरशात पाहिलं, तर पुढचा खोटा दात त्याच्या गुलाबी प्लास्टिकच्या पट्टीसकट गायब.

पेडण्यातल्या डॉक्टरांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "दात गिळला मी. इथे अडकलाय."

एक्स-रे काढला. त्यात काहीच नव्हतं.

"पोटात गेला असेल, पडेल आपोआप," डॉक्टर म्हणाले. "घसा खरचटलाय. तुम्ही मराठी शाळेच्या बाई ना? मोर्चात घोषणा दिल्या असतील."

"मी मोर्चाला गेलेच नाही!"

डॉक्टरांनी हसून गुळण्यांचं औषध लिहून दिलं. १९८७ साल होतं. राजभाषा मराठी की कोकणी, या वादात गोव्यातले निम्मे घसे बसले होते. बाईंचाही त्यांनी त्यातच धरला.

घरी नवरा सगुण म्हणाला, "केळां गिळ बघ. सरळ खाली घेऊन जातलां."

केळं उलटून पडलं, वर रक्ताची रेघ. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. "फोटोत नाही म्हणजे नाही," डॉक्टर वैतागले. "मनातून काढून टाका." सगुणनेही मान डोलावली. आपल्याच घशाचं कुणाला पटवता येत नाही, म्हणून बाईंना रडू फुटलं.

चौथ्या दिवशी थुंकीही गिळवेना. ताप चढला, मान सुजली. तेव्हा कुठे सगुण घाबरला आणि त्याने बाईंना घेऊन म्हापशाची बस पकडली.

तिथल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पट्टीला तार होती?"

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

"मग एक्स-रेत दिसणार कशी? प्लास्टिक त्यात उमटत नाही. आता पाणीसुद्धा पिऊ नका."

त्यांनी तातडीने पणजीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे भूल देऊन, अन्ननलिकेत दुर्बीण घालून दात काढला. भिंतीला जखम होऊन पू झाला होता. नऊ दिवस नाकातल्या नळीतून पातळ पेज. बोलायची मनाई.

बाईंनी कागदावर सगळं लिहिलं: काय अडकलं, का दिसलं नाही, काय झालं. सगुणला पेडण्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुढच्या रोग्याला तरी उपयोग व्हावा.

सगुण संध्याकाळी परतला. कागद हातातच.

"कागद वाचलो त्यांनी," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाले, बरी झाली मगे? मग उगीच कित्याक विषय वाढवतास?"

बाईंनी कागद घेतला, उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं.