आमच्याच अंगणातला पाऊस

आमच्या अंगणात जाळीच्या कुंपणात सरकारी पर्जन्यमापक आहे. सासरे रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजतात, आकडा वहीत लिहितात आणि सरकारी कचेरीत कळवतात. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं, "घर तुझंच आहे गं, फक्त त्या जाळीला हात लावायचा नाही."

बाळाच्या अंगावर पुरळ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कपडे कडक उन्हात वाळवा. दिवसभर ऊन फक्त तिथेच असतं. पर्जन्यमापक मुद्दाम मोकळ्यावर बसवलेला. सासरे दहाला पंपघरावर जायचे ते चारला परत. मधल्या वेळात मी खिडकीच्या गजापासून जाळीच्या पलीकडच्या खांबापर्यंत दोरी बांधायची आणि साडेतीनला सोडून ठेवायची. चोरासारखी. दुपटी मी घट्ट पिळायची, पण बाळाची जाड चादर भिजली की ती एकटीला पिळवत नसे. तशीच निथळत टाकायची.

खाली काय आहे हे मला दिसत होतं. विज्ञानाची पदवी आहे माझी. पण डोक्यात फक्त पुरळ होतं.

त्या हंगामात पावसाने दडी मारली. नदी आटली की आमच्याकडे समुद्राचं खारं पाणी कालव्यांत शिरतं. कालव्याच्या टोकाकडची रोपं पिवळी पडायला लागली होती. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी शेजारीच राहतो. तो येता-जाता सासऱ्यांना चिडवायचा, "काय काका, ढग दावणीला बांधलाय काय? आमच्याकडे टिपूस नाही आणि तुमच्या वहीत तीन मिलिमीटर!"

"भांड्यात असेल ते लिहितो. पदरचं घालत नाही," सासरे म्हणायचे.

मी हसलेसुद्धा होते.

मग एका सकाळी कचेरीतून पाहणीवाल्या बाई आल्या. मागोमाग पाटकरी. ओट्यावर वही उघडून बाई म्हणाल्या, "सलग तीन आठवडे कोरडे गेले तरच पावसाचा खंड धरतात, आणि मगच वरच्या धरणातून गोडं पाणी सुटतं. एका दिवशी अडीच मिलिमीटर पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आजूबाजूची चारही केंद्रं महिनाभर कोरडी आहेत. तुमच्याकडे मात्र तीनदा पाऊस! आणि हा सगळा पट्टा तुमच्याच आकड्यावर चालतो." मग आवाज जरा खाली आणून, "आजोबा, रोज स्वतः बघता ना? की कधी आपलं अंदाजाने..."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे कान लाल झाले.

मी दारात, बाळ कडेवर. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. ते खोटे ठरले असते, मी नाही.

"बाबा, ते... ते चादरीचं पाणी आहे."

कुणाला काही कळेना. शेवटी मी दोरी आणून बांधून दाखवली. पाटकरी फिस्सकन हसला आणि बाईंकडे बघून गप्प झाला.

"तारखा आठवतात?" बाईंनी विचारलं.

तारखा माझ्याकडे होत्या. बाळाची वही होती ना! किती वेळा प्यायलं, शी कशी झाली, काय काय धुतलं, सगळं त्यात. बाईंनी दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या. "नऊ तारीख, पातळ शी, चादर धुतली. दहाला पाऊस तीन. सोळा तारीख, चादर. सतराला पाऊस दोन पूर्णांक आठ..." सासरे मान खाली घालून ऐकत होते. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"मग आता सुटेल पाणी?" मी विचारलं.

"आजच अहवाल पाठवते. चार-पाच दिवसांत सुटेल."

"मागच्याच आठवड्यात सुटलं असतं," पाटकरी म्हणाला. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "टोकाकडची रोपं काही वाचत नाहीत आता."

सासऱ्यांनी तिन्ही आकड्यांपुढे लाल शाईने शेरा लिहिला, 'निरीक्षकाचे दुर्लक्ष', आणि खाली सही केली.

"बाबा, माझं नाव लिहा."

"वही माझ्या नावावर आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी खिडकीतून बघत होते. एकोणीस वर्षं ते जाळीपाशी गेले की थेट वाकायचे. त्या दिवशी थांबले. आधी वर बघितलं. आभाळाकडे नाही, दोरी असायची तेवढ्याच उंचीवर. मग खिडकीच्या गजाकडे. आणि मगच वाकले.