डांगराचं वाफल

पुण्याच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी काही वर्षं होतो. आमच्या पाली गावात सगळे मला साहेबाचा स्वयंपाकी म्हणून ओळखायचे. ही ओळख मीच करून दिलेली. खरा स्वयंपाकी एक गोवेकर होता. मी भांडी घासायचो.

देश स्वतंत्र झाला आणि साहेब विलायतेला निघाला. जाताना त्यानं मला लांब दांड्यांचा एक बिडाचा साचा दिला. दोन जाड तवे एकमेकांना बिजागरीनं जोडलेले, आतून चौकटी-चौकटी. त्यात पीठ ओतायचं, साचा मिटायचा, निखाऱ्यावर उलटसुलट भाजायचा, की जाड जाळीदार पोळी निघते. तिला वाफल म्हणतात. मेमसाहेब पिठात उकडलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, घालायला सांगायच्या. हे सगळं मी कितीदा तरी पाहिलं होतं, मोरीतून.

गावी आल्यावर साचा भिंतीला टांगला आणि येईल त्याला वाफलाचं वर्णन ऐकवू लागलो. करून मात्र कुणाला घातलं नाही. माझी बायको बाळाबाई विचारायची, "कधी करताय?"

"हितलं पीठ तसलं न्हाई," मी म्हणायचो.

तुळशीचं लग्न झालं आणि कामथडीचे गेनबा आपल्या मुलाला, ज्ञानूला, घेऊन आमच्या बनीला बघायला आले. बाळाबाईनं घारग्यांसाठी डांगर किसून गुळात शिजवून ठेवलं होतं. बसता बसता गेनबांची नजर भिंतीकडं गेली.

"हे काय ओ आनंदराव? गुरं डागायचं हाय का?"

"न्हाई पाव्हणं. वाफल करायचं."

"वाफंवर व्हतंय?"

"निखाऱ्यावर."

"मग वाफल का म्हनत्यात?"

हे मलाही माहीत नव्हतं. "खाल्ल्यावर कळंल," म्हणालो आणि धोतर खोचून चुलीपुढं जाऊन बसलो.

बाळाबाई हळूच म्हणाली, "अवो, घारगे आत्ता व्हत्यात की. पोरीचा दिस हाय आजचा."

मी तिला हातानंच गप्प केलं. वाफलाच्या पिठात अंडं लागतं, पण गेनबा माळकरी, त्यामुळं ते चालणार नव्हतं. अंड्याची उणीव मी डांगरानं भरून काढली. घारग्यांचं सगळं गोड डांगर कणकेत ओतलं, दूध घातलं आणि साचा भरून मिटला. आधी साच्याला तूप लावायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. गोवेकर तूप लावायचा तेव्हा मी नळावर असायचो.

थोड्या वेळानं गूळ करपल्याचा वास आला. घरभर धूर झाला. साचा काही उघडेना. शेवटी एक दांडा मी धरला, दुसरा ज्ञानूनं, आणि आम्ही ओढू लागलो. साचा एकदम उघडला तसा मी मागं सरपणावर जाऊन पडलो. अर्धं वाफल एका तव्याला चिकटलेलं, अर्धं दुसऱ्याला. बाळाबाईनं ते उलथन्यानं खरवडून पाव्हण्यांपुढं ठेवलं.

गेनबांनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"असं असतं व्हय?"

"साहेबाला जरा खरपूसच लागायचं," मी म्हणालो.

गेनबा बाळाबाईकडं वळले. "वैनी, पोरीला सैपाक कुनी शिकीवला?"

"म्या."

"ह्यांनी काय न्हाई ना शिकीवलं?"

"आजपतूर चुलीपाशी येऊ दिलं न्हवतं त्यास्नी."

गेनबांनी मुलाकडं पाहिलं. ज्ञानू हसू दाबत दाराकडं बघत होता आणि दाराआड बनी तोंडाला पदर लावून उभी होती.

"मग पोरगी पसंत हाय," गेनबा म्हणाले.

लेकीचं जमलं याचा आनंद झालाच. पण त्याहून जास्त मला वाटत होतं की अजून एक वाफल करू द्यावं, दुसरं नक्की जमलं असतं. तसं मी बोलूनही दाखवलं. पण तोवर बाळाबाई साखर वाटायला शेजारी गेली होती आणि पाव्हणे अंगणात चुळा भरत होते.