झालंच, येतो

मिस्त्रींनी सवयीने पंपाखाली पत्र्याचा डबा सरकवला आणि बाकीचे गालातल्या गालात हसले. नव्या पंपाच्या सीलमधून पाणी गळत नाही, हे त्यांना कालच सांगून झालं होतं. पण जुन्या पंपाच्या शाफ्टभोवतीचं दोरीचं पॅकिंग थोडं ठिबकायलाच हवं, नाहीतर जळून जातं, हे ज्याने जन्मभर जपलं त्याचा हात डब्याकडे जाणारच.

कारखान्यात त्यांना सगळे ‘झालंच’ म्हणत. पंप कधी सुरू होणार असं कुणीही विचारलं, की मान वर न करता ते म्हणत, झालंच. मग मोटर हलवा, कपलिंग काढा, शाफ्टवर गंजून बसलेला पंखा सोडवा, यात अख्खी पाळी जाई. साहेबांनी घाई केली तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं तोंडावर सुनावायलाही ते कमी करत नसत. त्यामुळेच असेल, सगळी हयात लोखंडात घालवूनही त्यांची दहाही बोटं शाबूत होती.

आजचा नवा जोड स्टोअरमधून त्यांच्या लेकीनेच आणला. ती तिथे कारकून होती. सील, बेअरिंग, शाफ्ट, पंखा, सगळं आधीच एकत्र जोडून आलेलं. हा पंपच नव्या धाटणीचा, म्हणून मोटरला धक्का न लावता झिजलेला जोड ओढून काढला, नवा आत सरकवला, बोल्ट आवळले. कामाआधी ओतलेला चहा गार व्हायच्या आत पंप फिरू लागला. साहेब पाठ थोपटून गेले, माणसं पांगली. मिस्त्री मात्र पालथ्या बादलीवर बसून राहिले.

बायको गेली त्या दिवशी याच जागी जुना पंप उघडून पडला होता, आणि बॉयलरचं पाणी त्याच्याच भरवशावर होतं. आईला धाप लागलीय, असा लेकीचा फोन आला. सोबत्याने तो त्यांच्या कानाला लावला. "झालंच, येतो," ते म्हणाले. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच. मग फोन यायचा थांबला. ते घरी पोचले तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती. तेव्हापासून बापलेकीत बोलणं व्हायचं ते कामापुरतं. पोरीने आपल्यावर पाणी सोडलं, म्हणूनच नंतर फोन केला नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते त्यांना रास्तही वाटत होतं.

लेक पावतीवर सही घ्यायला आली.

"हा पंप तेव्हा असता ना, तर पोचलो असतो गं मी," ते डब्याकडे बघत म्हणाले.

ती रिकाम्या खोक्यावर टेकली.

"मी परत लावत होते फोन, बाबा. आईनेच हात धरला माझा. म्हणाली, नको लावूस. त्यांचे हात पंपात असतील. घाई करतील नि बोटं गमावून बसतील."

"शुद्धीत होती?"

"होती. मलाच तुम्हाला सांगवलं नाही. फार राग होता तुमचा."

मिस्त्रींना रडू आवरेना. चिंधी घेऊन ते एकेक बोट पुसत राहिले, ग्रीस निघून गेल्यावरही. लेकीने पंपाखालचा कोरडा डबा काढून बाजूला ठेवला आणि कोमट चहाचा कप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.